रुपयाचा प्रवास



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत, त्यांनी आम्हांला गणित शिकविले. मी पुढे मराठीचा प्राध्यापक झालो, हा त्यांच्या अध्यापनाचा दोष नव्हे. ‘आधी माप तपासा, मग मोजा’ हे त्यांचे सांगणे मात्र मनात घर करून राहिले. त्याच आधारावर आज एक प्रश्न आपल्यापुढे ठेवतो. देशातील बँका आणि पतसंस्था आपले काम पूर्वीपेक्षा चांगले करतात की नाही, हे ठरवायचे कसे?

या संस्थांचे मूळ काम एकाची शिल्लक दुसऱ्याच्या गरजेपर्यंत पोचविणे, हे होय. रुपयाच्या या प्रवासाला खर्च किती येतो, ते पाहणे हे एक माप. थॉमस फिलिपॉन या अर्थशास्त्रज्ञाने २०१५ साली अमेरिकेचा सुमारे १३० वर्षांचा असा हिशेब मांडला. तेथील वित्तव्यवसायाची वार्षिक मिळकत आणि त्याने हाताळलेली रक्कम यांचे प्रमाण त्याला दीड ते दोन टक्क्यांच्या आसपासच आढळले. तार गेली, संगणक आले. पण खर्च फारसा उतरला नाही.

आपल्या सीमाभागात असा दीर्घ हिशेब मांडणे अधिक अवघड आहे, कारण येथे मापेच बदलत गेली. आमच्या वडीलधाऱ्यांच्या बोलण्यात ‘हाली’ आणि ‘कलदार’ असे दोन रुपये असत. सात हाली म्हणजे सहा कलदार. हैदराबाद स्टेट बँक १९४१ च्या कायद्याने जन्मली, १९५९ मध्ये भारतीय स्टेट बँकेची उपकंपनी झाली आणि २०१७ मध्ये तिच्यातच विलीन झाली. १९५६ साली बीदर आणि गुलबर्गा हे जिल्हे म्हैसूर राज्यात आले. २०१४ मध्ये गुलबर्ग्याचे कलबुर्गी झाले. नाणे, राज्य आणि नाव पालटले की जुने आकडे नव्यांशेजारी जपूनच मांडावे लागतात.

तरीही एक प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या तोच राहिला : गरजवंत कर्जासाठी कोणाच्या दारी जातो? १९५१-५२ च्या ग्रामीण पतपाहणीत शेतकऱ्यांच्या कर्जापैकी सहकारी संस्था, सरकार आणि बँका मिळून वाटा जेमतेम ७ टक्के निघाला. धनंजयराव गाडगीळ त्या पाहणीच्या समितीचे सदस्य होते. पुढे ग्रामीण कर्जातील संस्थांचा हा वाटा १९८१ मध्ये ६१ टक्क्यांवर आणि १९९१ मध्ये ६४ टक्क्यांवर गेला. २००२ मध्ये तो ५७ वर उतरला. २०१९ च्या पाहणीत तो ६६ टक्के होता.

यातील १९९१ ते २००२ हा काळ लक्षपूर्वक पाहावा. सार्वजनिक बँकांच्या थकीत कर्जांचे प्रमाण मार्च १९९३ मध्ये २३ टक्के होते. मार्च २००२ मध्ये ते ११ टक्क्यांवर आले. बँकेच्या वहीप्रमाणे ही प्रगतीच होय. परंतु त्याच सुमारास खेड्यातील माणूस पुन्हा सावकाराकडे वळत होता. काळ एकच, पण दोन मापांची दोन उत्तरे.

माझ्या वडिलांनी १९६० च्या दशकात एकदा पीककर्जासाठी तालुक्याला चार हेलपाटे घातले. अर्ज कानडीत, जुनी पहाणी उर्दूत, साहेबांचा शेरा इंग्रजीत आणि वडील मराठी. पेरणीची वाफ निघून चालली, तेव्हा त्यांनी निमूटपणे गावच्या सावकाराची पायरी चढली. बुडालेल्या मजुरीचा आणि ओशाळलेल्या मनाचा तो खर्च कोणत्याही ताळेबंदात चढला नाही. बँकेच्या लेखी त्या वर्षी आमच्या घरी काहीच घडले नव्हते. जो आत आलाच नाही, त्याची नोंद कोण घेणार?

हा न दिसणारा खर्च कमी करण्याचा एक प्रयत्न आपल्याच भागात झाला. नाबार्डने १९९२ मध्ये बचत गटांना बँकांशी जोडण्याचा प्रयोग आरंभिला. त्याच दशकात बीदर जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेने गावोगावच्या प्राथमिक सहकारी संस्थांमार्फत तो वाढविला. गटातल्या बायका एकमेकींची पत ओळखत होत्या. पारख गावातच झाली, म्हणजे बँकेचा खर्च वाचतो आणि कर्जदाराचे हेलपाटेही वाचतात.

बीदरचा खजिना म्हटला की मराठी मनाला दामाजीपंत आठवतात. दुष्काळात त्यांनी मंगळवेढ्याची सरकारी कोठारे भुकेल्यांना उघडली, ही कथा आपण सारे जाणतो. तिचा उत्तरार्ध मात्र आपण घाईने ऐकतो. विठ्ठल महाराच्या रूपाने बीदरला आला, धान्याचे मोल त्याने भरले आणि पावती घेतली. देवालाही हिशेब चुकता करावा लागला! भुकेला जेवला पाहिजे आणि खजिन्याची वहीही जुळली पाहिजे, असे ही कथा सांगते. केवळ वाटणारी संस्था बुडते, आणि ठेवीदाराची पुंजी तिच्याबरोबर जाते. केवळ जपणारी संस्था तगते, पण परकी होते.

म्हणून बँकेची कार्यक्षमता मोजताना दोन वह्या शेजारी ठेवाव्यात : एक बँकेची आणि एक दाराबाहेर उभ्या असलेल्याची. पहिली छापून येते. दुसरी लिहिण्याचे काम या शाळेत शिकलेल्यांनी, जे आज खुर्चीच्या पलीकडे बसले आहेत त्यांनी, अंगावर घ्यावे. गुरुजींना तीच खरी गुरुदक्षिणा ठरेल.