कोय आणि कलम
(हीरक महोत्सवी समारंभातील भाषण)



हापूस आंब्याची कोय अंगणात पुरली तर झाड येते. पण त्याला हापूसच लागेल, अशी खात्री कोणताही बागाईतदार देत नाही. त्या कोयीत परागीभवनातून झालेला एकच गर्भ असतो आणि रोप मातृवृक्षाहून वेगळे निपजते. म्हणून कोकणात पावसाळ्याच्या प्रारंभी रायवळ आंब्याची कोय रुजवतात आणि जेमतेम दोन आठवड्यांच्या कोवळ्या रोपावर हापूसची काडी बांधतात. याला कोय कलम म्हणतात.

संस्कृतीचेही असेच आहे. मराठी घरात जन्मलेले मूल आपोआप मराठी होईल, ही समजूत म्हणजे कोय पुरून हापूसची वाट पाहणे होय. महाराष्ट्राबाहेरच्या अनेक घरांत आजी मराठीत विचारते आणि नातवंड दुसऱ्याच भाषेत उत्तर देते. दोष नातवंडाचा नसतो. वेळेवर काडी बांधली गेली नाही, इतकाच त्याचा अर्थ. हे काम प्रत्येक पिढीत नव्याने आणि कोवळ्या वयातच करावे लागते. गेली ६० वर्षे ही शाळा तेच करीत आली आहे.

कलमात मूळ मात्र रायवळाचे राहते. परराज्यात वाढणाऱ्या मुलाची मुळे तेथील बाजारात, मैदानात, शेजाऱ्यांच्या बोलीत रुजलेली असतात. ती तोडून मराठी जपता येत नाही, कारण मुळावाचून काडी वाळते. राज्यभाषा उत्तम येणे ही मराठीशी प्रतारणा नव्हे. तो तिचा आधार आहे. ज्या फळाचा मराठी माणसाला इतका अभिमान, त्याचे नावही ‘अफोन्सो’ या पोर्तुगीज नावावरून आलेले आहे.

अशा या हापूसलाही साका ग्रासतो. फळ बाहेरून पिवळेधमक दिसते, कापल्यावर आतला गर बिघडलेला निघतो. वेंगुर्ले येथील फळसंशोधन केंद्राने दक्षिणेतील नीलम आणि हापूस यांच्या संकरातून ‘रत्ना’ ही साकारहित जात निर्माण केली. १९८१ साली ती प्रसारित झाली. त्यामुळे हापूस बुडाला नाही; आमराईत एक चांगली जात वाढली.

स्नेहसंमेलनात फेटे आणि नऊवारी मिरवावी, पण वर्षभर घरात मराठी पुस्तक उघडू नये, हाही साकाच आहे. वेशभूषा वाढवून तो जाणार नाही. शेजारच्या भाषेतील कथा मुलांनी मराठीत आणाव्यात, मराठी न बोलणाऱ्या घरातील मुलालाही वर्गात सन्मानाने जागा मिळावी, शास्त्र आणि संगणक यांविषयी मराठीत बोलण्याचा सराव व्हावा. अशा संकराला घाबरण्याचे कारण नाही.

बांधलेल्या कलमाची निगा दररोज राखावी लागते आणि शाळेचे हात दुपारपर्यंतच पोहोचतात. संध्याकाळचे पाणी घरूनच घालावे लागेल. पालकांनी रोज मुलाजवळ बसून मराठीतले एक पान वाचावे. माजी विद्यार्थ्यांनी वर्षातून एक दिवस वर्गात येऊन आपल्या व्यवसायाची माहिती मुलांना मराठीत सांगावी. हीरक महोत्सवानिमित्त शाळेची एवढीच मागणी आहे.