घमेल्यातला बुडबुडा

सन्माननीय अध्यक्ष महाशय, मुख्याध्यापिका बाई, आजी-माजी गुरुजन, पालकहो, आणि पडद्याआड नटूनथटून उभ्या असलेल्या, 'हा पाहुणा आटोपते केव्हा घेणार' या एकाच विवंचनेत असलेल्या माझ्या बालमित्रांनो,

बाईंनी महिन्यापूर्वी पाठवलेल्या निमंत्रणपत्रात 'अस्थिआरोग्य आणि क्रीडा' असा विषय सुवाच्य अक्षरात नमूद केलेला होता. आणि गेली तीस वर्षे इतरांची मोडलेली हाडे सांधून चरितार्थ चालवणाऱ्या माणसाकडे त्या विषयावर तासभर बोलण्याचा मक्ता असणारच, अशी त्यांची समजूत झाली असल्यास तो त्यांचा दोष नव्हे. मीही इमानेइतबारे टिपणे काढून आणली होती. परंतु मघाशी फाटकाशी गाडीतून उतरलो आणि समोर, जेथे आज मोबाइलचे झगमगीत दुकान थाटलेले आहे, तेथे पत्र्याचे एक खोपटे, त्यापुढे एकीला एक टेकवून ठेवलेल्या बारा-पंधरा सायकली आणि काळ्या पाण्याने भरलेले एक लोखंडी घमेले मला इतके स्पष्ट दिसू लागले की, टिपणांचा कागद मी तसाच घडी करून खिशात सरकवला. तो आता तेथेच राहील.

ते दुकान आम्ही सगळे ज्यांना नुसते 'मामा' म्हणत असू त्यांचे. तासाला चार आणे भाड्याने तेथे सायकल मिळे. मामांची वही हा एक लहानसा दप्तरखानाच होता. कोणत्या इयत्तेतील कोणता मुलगा कितव्या नंबरची सायकल किती वाजता घेऊन गेला, परत आणली तेव्हा तिची घंटी जागेवर होती की नव्हती, याचा तपशील त्या वहीत तारीखवार मिळत असे, आणि वर्गातील हजेरीपत्रकापेक्षा आमच्या वर्तनाची खरी कैफियत त्या वहीतच लिहिलेली असे. सायकल हाती आली की आम्ही तिघे, म्हणजे मी, आज बँकेतून निवृत्त झालेला एक मित्र आणि तिसऱ्या रांगेत बसून 'माझे नाव घेऊ नकोस' अशी खूण करणारे आमचे वकीलसाहेब, पसरणी घाटाच्या पहिल्या वळणापर्यंत ती ढकलत नेत असू आणि तेथून वाईच्या दिशेने स्वतःला झोकून देत असू. ब्रेक असत, परंतु ते बहुधा शोभेपुरते.

अशाच एका दुपारी माझ्या सायकलीचे मागचे चाक बसले. पंक्चरचे पैसे मुलाने भरावेत हा मामांचा कायदा, आणि माझ्या खिशात तर चार आणेसुद्धा उरलेले नव्हते. मामा रागावले नाहीत. त्यांनी घमेले माझ्यापुढे सरकवले आणि म्हणाले, "मग बस आणि काढ." टायर रिमवरून कसा उतरवायचा, ट्यूब बाहेर ओढून तिच्यात हवा भरून ती वीत-वीत पाण्याखाली कशी सरकवायची, आणि सुईच्या अग्राएवढ्या छिद्रातून मोत्यांच्या सरीसारखे बुडबुडे वर येऊ लागताच तेथे बोट दाबून ती जागा काचपेपरने कशी खरवडायची, हे मी त्या दिवशी शिकलो. सोल्युशन लावल्यावर ठिगळ लगेच चिकटवायचे नसते. सोल्युशन सुकू द्यायचे असते. माझ्या आयुष्यातील धीराचा पहिला पाठ मला या इमारतीत नव्हे, इमारतीसमोरच्या त्या पत्र्याखाली मिळाला, हे मी येथे बसलेल्या गुरुजनांची क्षमा मागून सांगतो.

विशेषतः पहिल्या रांगेत डावीकडून तिसऱ्या खुर्चीवर बसलेल्या आमच्या गणिताच्या गुरुजींची. गुरुजी, त्या दिवशी मधल्या सुटीनंतर चाळीस मिनिटे उशिरा आलेल्या, काळ्या हातांच्या एका मुलाला आपण वर्गाबाहेर उभे केले होते आणि विचारल्यावर त्याने 'आजी आजारी आहे' असा जबाब दिला होता. आजी ठणठणीत होती. हा कबुलीजबाब द्यायला मला पन्नासच्या आसपास वर्षे लागली. आपण हसता आहात, म्हणजे ते आपल्याला तेव्हाच ठाऊक होते!

आता विषयाला थोडासा न्याय देतो. सायकलीवरून फेकला गेलेला मनुष्य स्वाभाविकपणे हात पुढे करून पडतो किंवा सरळ खांद्यावर आदळतो, आणि तो आघात जाऊन पोचतो गळ्याखालच्या आडव्या हाडावर, ज्याला आम्ही क्लॅव्हिकल म्हणतो; म्हणून सायकलस्वारांचे ते हाड हटकून मोडते. शिरस्त्राण घाला. दूध प्या, उन्हात खेळा. अस्थिआरोग्य येथे संपले.

कारण मला सांगायचे आहे ते निराळेच. सुमारे बारा वर्षांपूर्वी, पन्नाशी उलटलेल्या आम्हा तिघांना एका कोजागरीच्या रात्री अशी दुर्बुद्धी झाली की, हिमाचल प्रदेशात २००५ पासून भरणाऱ्या 'एमटीबी हिमालय' या पहाडी सायकल शर्यतीत नाव घालावे. डांबरी सडक सोडून जंगलातल्या वाटांनी, ओढ्यांतून, दगडगोट्यांवरून चालणाऱ्या शर्यतीला क्रॉसकंट्री म्हणतात. आणि ही तर कित्येक दिवसांची, टप्प्याटप्प्यांची, मुक्कामाला तंबूत निजण्याची. आमच्या बायकांनी आमच्या बुद्धीविषयी व्यक्त केलेले मत येथे लहान मुले असल्यामुळे उद्धृत करीत नाही.

त्या शर्यतीच्या वाटेवरची जालोरी खिंड समुद्रसपाटीपासून सुमारे ३,१०० मीटरवर आहे. म्हणजे आपल्या कळसूबाईवर जवळजवळ दुसरी कळसूबाई ठेवावी तेवढी. देवदारांच्या सावलीतून सर्वांत हलक्या गिअरवर, पायी चालणाऱ्या मेंढपाळाच्याही मागे पडत आम्ही तिचा चढ चढलो. माथ्यावर देवीचे देऊळ आणि चहाच्या टपऱ्या आहेत. तेथे एका टपरीवाल्याने आमच्या पिकलेल्या केसांकडे बघून आम्हाला 'चाचाजी, गाडी मागून येते आहे का?' असे हिंदीत विचारले, तो अपमान आम्ही चहाबरोबर गिळला आणि शोजाच्या बाजूचा उतार धरला.

अर्ध्या उतारावर वकीलसाहेबांच्या मागच्या चाकाचा आवाज बदलला. दगडावर रिम आपटू लागली की जो आवाज होतो, तो एकदा ऐकलेल्या माणसाला झोपेतही ओळखू येतो. साहेब सज्ज होते. दोन नव्या ट्यूब, पंप, सगळा सरंजाम पाठीशी. त्यांनी झोकात ट्यूब बदलली आणि शंभर पावलांवर चाक पुन्हा बसले. दुसरी ट्यूब घातली. तिची गत तीच. तेव्हा मी विचारले, "अरे, आत बोट फिरवलंस का?"

"कशात?"

"टायरात."

आमच्यासारख्या दोघातिघांना भाड्याची सायकल देऊन फुकट शहाणे करणाऱ्या मामांनी वकीलसाहेबांना हे शिकवलेले नव्हते, कारण त्यांच्या खिशात त्या वेळी नेहमी पैसे असत. मी टायरच्या आतल्या अंगाने बोट हळूहळू फिरवले. निम्म्यावर येताच बोटाला रक्ताचा थेंब आला, आणि नखाएवढी, पाटीच्या दगडाची धारदार कपची निघाली, ज्या दगडाने त्या मुलखातली घरे शाकारलेली असतात. कारण सापडले, परंतु तिन्ही ट्यूब फाटलेल्या, छिद्र शोधायला पाणी हवे, आणि घमेले वाईला. तेव्हा बँकवाल्याने आपल्या रेनकोटाची टोपी दोन दगडांमध्ये पसरली, आम्ही पिण्याच्या बाटल्या तिच्यात रित्या केल्या, आणि त्या दोन ओंजळी पाण्यात मी ट्यूब बुडवली. बुडबुडा आला. तीन म्हातारे त्या बुडबुड्याकडे पाहून असे ओरडले की, मागून येणाऱ्या एका तरुण स्पर्धकाने कुणाचा पाय मोडला असे समजून सायकल थांबवली. बँकवाल्याची सायकल ठणठणीत होती, तो पुढे गेला असता तर त्याचा क्रमांक बराच वर लागला असता. तो गेला नाही, आणि त्या तासाभराच्या खोळंब्याबद्दल त्याने आजतागायत वकीलसाहेबांना महिन्यातून दोनदा तरी ऐकवलेले आहे. त्या दिवशी आम्ही शेवटून चौथे, पाचवे आणि सहावे आलो.

तेव्हापासून माझे असे ठाम मत झाले आहे की, ज्याच्यावर आपण बसतो ते आपल्याला दुरुस्त करता आलेच पाहिजे. हे मत मी माझ्या रुग्णालयातील प्रत्येक शिकाऊ डॉक्टराला ऐकवतो, जावयाला ऐकवले आहे, आणि आज आपणही त्यातून सुटणार नाही. पहाडी सायकलिंगचा हा खेळ जन्मला तोच मुळी दुरुस्तीतून. अमेरिकेत, सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला फेअरफॅक्स नावाच्या गावाजवळ, २१ ऑक्टोबर १९७६ रोजी काही मित्रांनी जुन्यापुराण्या, जाड टायरांच्या सायकली घेऊन एका डोंगरउतारावरून शर्यत लावली. दोन मैलांहूनही कमी अंतरात सुमारे १,३०० फूट खाली. पायडल उलटे दाबून लागणारा ब्रेक मागच्या चाकाच्या तुंब्यात असे. उतरताना तो इतका तापे की आतल्या ग्रीसचा धूर होई, आणि प्रत्येक खेपेनंतर तुंबा उघडून नवे ग्रीस भरावे लागे. या 'पुन्हा भरण्या'वरूनच त्या शर्यतीला 'रीपॅक' हे नाव पडले. गॅरी फिशर नावाचा गडी तो उतार ४ मिनिटे २२ सेकंदांत उतरला. त्याचाच सोबती जो ब्रीझ याला जुन्या सायकली पुरेनात, तेव्हा १९७७ मध्ये त्याने या कामासाठी स्वतःच्या हाताने सायकली घडवायला घेतल्या. ही सगळी हात काळे असलेली पोरे होती.

१९९६ साली अटलांटा येथे हा खेळ ऑलिम्पिकमध्ये आला, नेदरलँड्सचा बार्ट ब्रेंटयेन्स आणि इटलीची पाओला पेझो यांनी पहिली सुवर्णपदके नेली, तेव्हाही चाक बसले तर स्पर्धकाने ते स्वतःच उतरून नीट करावे, बाहेरच्याने हात लावू नये, असाच दंडक होता. पुढे तो शिथिल झाला. २०२४ साली पॅरिसला टॉम पिडकॉकचे पुढचे चाक पंक्चर झाले, नेमून दिलेल्या जागी मदतनिसांनी दुसरे चाक बसवून दिले, आणि मागे पडलेला तो गडी शेवटच्या फेरीत पुढे निघून सुवर्ण घेऊन गेला. पराक्रम थोरच. पण चाक त्याने स्वतः बदलले असते, तर मी घरी उभा राहून टाळ्या वाजवल्या असत्या, बसून वाजवल्या.

उजव्या बाजूला बसलेल्या पालकांनी आता घड्याळे पाहायला सुरुवात केली आहे, म्हणून त्यांच्याशी दोनच शब्द. आपण मुलाला वीस हजारांची गिअरची सायकल घेऊन देता, आणि चाक बसले की 'हात खराब होतील, असू दे' म्हणून ती गाडीच्या डिकीत घालून दुकानात पोचवता. त्याऐवजी त्याला काचपेपर द्या. त्याचा गणवेश काळा होऊ द्या. पहिल्या रांगेतल्या, दोन वेण्या घातलेल्या बाई, तुम्ही मान हलवता आहात. तुम्हाला येते का पंक्चर काढता? येते? कुणी शिकवले? आजोबांनी? आजोबा आले आहेत का? उभे राहा ना, आजोबा.

मुख्याध्यापिका बाई, माझी एक विनंतीवजा अर्जी आहे. कार्यानुभवाच्या तासाला कागदाची फुले होतात ती होऊ द्यावीत; परंतु महिन्यातून एक तास पंक्चरला द्यावा. शाळेला देणगी म्हणून काय द्यावे, असे मी फोनवर विचारले तेव्हा आपण ग्रंथालयाचे कपाट सुचवले होते. कपाट पुढल्या आठवड्यात येईल. आज मात्र येताना बाजारातून एक घमेले, दोन पंप आणि ठिगळांचा डबा घेऊन आलो आहे. शिपाईकाकांनी ते मखमली पडद्यामागे ठेवले आहे, आणि मघापासून तेथे जो खणखणाट होतो आहे तो लेझीमचा नसून त्या घमेल्याचा आहे, हे उघड आहे.

पाणी तेवढे शाळेच्या टाकीचे घ्यावे लागेल.