मोतीचा ताप

(न्यासाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



या व्याख्यानमालेत मोठमोठ्या विषयांवर विद्वानांची भाषणे झाली. मी पडलो शाळामास्तर. बोलावयास सांगितले तेव्हा माझ्यापाशी विषय एकच होता, आणि तो म्हणजे आमचा कुत्रा. आपण हसलात, ते योग्यच झाले. परंतु बेळगावात अंगण असलेल्या पुष्कळ घरांत कुत्रा आहे, आणि ज्या चुकीमुळे मोती आमच्या हातून जाता जाता राहिला, ती कोणाच्याही हातून होण्यासारखी आहे. म्हणून ती सांगण्याचे धाडस करतो.

मोती अंगणातला. आमच्या घरच्या रीतीप्रमाणे कुत्र्याला उंबरठ्याच्या आत मज्जाव; मातोश्रींचा तो दंडकच आहे. जांभ्या दगडाच्या कुंपणभिंतीला लागून त्याचे गोणपाट. २०२२ सालचा पावसाळा सरला आणि तो खाईनासा झाला. मी म्हटले, हवा बदलली असेल. दोन दिवसांनी तो उठेना. कान उलटून पाहिले तर आत गोचिडी. काही तर एरंडाच्या बीएवढ्या टम्म फुगलेल्या.

पशुवैद्यांनी हिरड्या पाहिल्या, त्या पांढुरक्या पडल्या होत्या. पोटावर तांबडे ठिपके उमटले होते. रक्त तपासले. निरोगी कुत्र्याच्या रक्तात प्लेटलेट सामान्यतः दोन लाखांच्या वर असतात. मोतीच्या ३४ हजार भरल्या. निदान झाले एर्लिकिया. लोक ज्याला सरसकट गोचीडताप म्हणतात, त्यातला हा एक प्रकार. दुसरा बॅबेसिया, त्याचा परजीवी तांबड्या पेशींत शिरतो आणि त्याचे औषध निराळे. म्हणून रक्त तपासल्यावाचून अंदाजाने औषध देऊ नये.

ही बातमी आळीत पसरली. शेजारचे एक वयस्कर गृहस्थ मला बाजूस घेऊन म्हणाले, “सर, घरात लेकरं आहेत. कुत्र्याला लांब नेऊन सोडा.” त्यांच्या मनात माकडताप होता. १९५७ साली शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूरच्या जंगलात सापडलेला हा रोग २०१६ साली आपल्या शेजारच्या दोडामार्ग आणि सत्तरी भागांत माणसांच्या जिवावर उठला होता. तेव्हा त्यांची भीती खोटी म्हणता येत नाही. पण तो रोग वेगळ्या विषाणूचा, आणि तो पसरविणारी गोचीडही रानातली, वेगळ्या जातीची. मोतीचा रोग त्याला शिवल्याने कोणास होत नव्हता. त्याला सोडून दिले असते तर तो दोन दिवसांत रस्त्यावर मेला असता, आणि आमच्या भिंतीतल्या गोचिडी भिंतीतच राहिल्या असत्या.

औषध साधेच होते, डॉक्सिसायक्लीनची गोळी. अन्नाबरोबर द्यावयाची, कारण रिकाम्या पोटी तिने ओकारी होते. मुदत २८ दिवसांची. तिसऱ्या दिवशी मोती भाकरी खाऊ लागला, आठव्या दिवशी शेपूट हलवीत फाटकापर्यंत आला, आणि बाराव्या दिवशी मी, पदवीधर प्रशिक्षित शिक्षकाने, औषध बंद केले! पहिल्या चाचणीत मुलगा उत्तीर्ण झाला म्हणून त्याला शाळेतून काढावे, तसा हा प्रकार झाला. तीन आठवड्यांनी पहाटे त्याच्या नाकातून रक्त वाहू लागले. ताप गेला तरी या रोगाचे जंतू शरीरात दडून राहू शकतात. रोग जुना झाला की तो हाडांच्या मगजापर्यंत पोचतो, आणि तेथे पोचल्यावर उपाय फारसा चालत नाही. आम्ही थोडक्यात बचावलो. पुन्हा पहिल्या दिवसापासून २८ दिवस मोजावे लागले.

या वेळी पशुवैद्य घरी आले आणि त्यांनी कुत्र्याआधी भिंत पाहिली. कुत्र्यावरची ही तपकिरी गोचीड आयुष्यात तीनदा रक्त पिते, आणि दर वेळी गळून पडून फटीत जाऊन बसते. मादी हजारो अंडी घालते. अंड्यांतून एर्लिकियाचे जंतू उतरत नाहीत. पिल्लू आजारी कुत्र्याचे रक्त पिते तेव्हा ते त्याच्यात शिरतात आणि पुढच्या चावण्यात दुसऱ्या कुत्र्याला मिळतात. म्हणजे आमच्या जांभ्याचे एकेक भोक हे गोचिडींचे बिऱ्हाडच होते. आम्ही गोणपाट जाळले, भोके सिमेंटने बुजविली, पशुवैद्यांच्या सल्ल्याने फवारणी केली आणि मोतीला गोचीडनाशक गोळी ठरल्या मुदतीने सुरू केली.

आपणांस चार गोष्टी सांगतो. रोज संध्याकाळी कान, बोटांच्या बेचक्या आणि गळपट्ट्याखालची जागा पाहावी. गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढावी. रॉकेल किंवा विडीचा चटका वापरू नये, आणि नखाने चिरडू नये, कारण काही गोचिडींपासून माणसालाही ताप येतो. माणसांची अंगदुखीची गोळी कुत्र्याला कधीही देऊ नये. प्लेटलेट उतरलेल्या जनावराला तिने रक्तस्राव होतो. आणि गोचीडनाशकांपैकी काही औषधे मांजराच्या जिवावर बेततात, म्हणून घरात मांजर असल्यास आधी विचारून घ्यावे.

दुसऱ्या वेळी गोळ्यांचा हिशेब मी ठेवला नाही, मातोश्रींनी ठेवला. तहानलेल्या कुत्र्याला विहिरीत उतरून आपल्या पायताणातून पाणी आणून पाजणाऱ्या माणसाची हदीसमधली गोष्ट त्यांनीच आम्हांस लहानपणी सांगितली होती. त्या कुत्र्याला हात लावीत नव्हत्या. पण रोज भाकरीत गोळी घालून ताट उंबरठ्यापाशी ठेवीत, आणि भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर कोळशाने रेघ ओढीत. अठ्ठाविसावी रेघ ओढून झाल्यावर त्या मला म्हणाल्या, “आता डॉक्टरांना विचार, मगच बंद कर.” पुन्हा रक्त तपासले तेव्हा प्लेटलेट दोन लाख दहा हजार झाल्या होत्या.

मोती आज अंगणात आहे. पूर्वीइतका धावत नाही, पण फाटकावर कोण आले ते सांगतो.