माल कोठे आहे?

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत 'इंटरनेट, ऑनलाइन खेळ आणि आपले घर' या विषयावर केलेले भाषण)

 

आपल्या ट्रस्टच्या पन्नास वर्षांच्या वाटचालीचा गौरव माझ्यापूर्वीच्या वक्त्यांनी यथोचित केला आहे. मला देण्यात आलेला विषय वेगळा आहे. संगणकशास्त्राचा मी अभ्यासक नाही. वाणिज्य शाखेचा पदवीधर आणि पेशाने कापड-व्यापारी असल्यामुळे या विषयाकडे मी व्यापाऱ्याच्या नजरेनेच पाहू शकतो. परंतु वर्तमानपत्रांतून ऑनलाइन खेळांविषयी, त्यांवरील करांविषयी आणि नव्या कायद्याविषयी जे वाचनात येते, त्याच्या मुळाशी एक जुना व्यापारी प्रश्नच उभा आहे, असे माझे मत झाले आहे. तो प्रश्न म्हणजे, व्यापार कशाला म्हणावे आणि जुगार कशाला?

आपला रायगडचा किनारा व्यापाराला नवा नाही. चौल बंदरातून शतकानुशतके कापड आणि रेशीम परदेशी जात होते. समुद्रावर माल पाठविणे म्हणजे जोखीमच. वादळ होते, चाचे होते, भाव कोसळण्याची भीती होती. तरीही त्यास कोणी जुगार म्हटले नाही, कारण जहाजात माल होता. विणकराला मजुरी मिळे, तांडेलाला भाडे मिळे, घेणाऱ्याला वस्त्र मिळे आणि उरलेला नफा व्यापाऱ्याचा. व्यापारात जोखीम असते, पण व्यवहार पूर्ण झाल्यावर दोन्ही पक्षांच्या हाती काही तरी पडते. जुगारात एकाच्या हाती जे पडते, ते दुसऱ्याच्या हातातून गेलेले असते. मध्ये माल नसतो.

हा फरक किती सहज पुसला जातो, हे आपल्या कापूस बाजाराच्या इतिहासाइतके स्पष्ट दुसरीकडे कोठे दिसत नाही. कापसाचा वायदा ही मुळात गरजेची व्यवस्था. गिरणीला पुढील महिन्यांसाठी कापूस हवा, शेतकऱ्याला भावाची हमी हवी, म्हणून आजच सौदा ठरवावयाचा. पुढे मुंबईत न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराचे उघडते आणि बंद होणारे भाव तारयंत्राने येऊ लागले आणि त्या आकड्यांवर पैजा लागू लागल्या. पैज लावणाऱ्याला कापसाची गाठ नको होती. त्याला केवळ आकडा हवा होता. १९६१ च्या सुमारास न्यूयॉर्कचे आकडे येणे थांबले. मग काय झाले? १९६२ मध्ये मुंबईत आकडे काढण्याची स्वतंत्र सोय झाली आणि 'मटका' हा शब्द घराघरांत पोहोचला. कापूस गेला, बाजार गेला, उरले फक्त 'ओपन' आणि 'क्लोज'. व्यापाराचे शब्द राहिले आणि माल नाहीसा झाला. त्या मटक्याने गिरणगावातील किती पगार गिळले, हे आपल्यातील ज्येष्ठांना ठाऊक आहे.

त्या काळातील तारयंत्र म्हणजे त्या पिढीचे इंटरनेटच. दोष तारेचा नव्हता. आजही दोष मोबाइलचा नाही. १५ ऑगस्ट १९९५ रोजी आपल्या देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू झाली. २०१६ या एकाच वर्षात यूपीआय आले आणि मोबाइल डेटाही अत्यंत स्वस्त झाला. आज अलिबागचा दुकानदार सुरतेच्या व्यापाऱ्याला बसल्या जागी पैसे पाठवितो, नमुन्याचे छायाचित्र क्षणात मागवितो. हे वरदान आहे. जुलै २०२५ मध्ये नागपूरची दिव्या देशमुख महिला बुद्धिबळ विश्वचषक जिंकली. तिच्या पिढीतील खेळाडू घरबसल्या जगभरातील प्रतिस्पर्ध्यांशी संगणकावर डाव मांडतात. अशा खेळाला कोण नावे ठेवील? म्हणून 'मोबाइल वाईट, खेळ वाईट' असा सरसकट उपदेश मी करणार नाही. तसा उपदेश मुले ऐकतही नाहीत.

परंतु स्वस्त डेटा, खिशातला पडदा आणि एका बोटाने होणारी रक्कम-भरणा या तीन गोष्टी एकत्र आल्या, आणि मटक्याचा अड्डा उशाशी येऊन बसला. पूर्वी अड्ड्यावर जाणाऱ्याला गल्लीतील लोक पाहत. ती लाज हे एक कुंपण होते. आज शेजारी बसलेल्या पत्नीलाही पत्ता लागत नाही.

आता कायद्याकडे वळतो. आपल्या प्रांतात जुगार प्रतिबंधक कायदा १८८७ पासून आहे. १९५७ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे मुंबई राज्याचे एक प्रकरण आले. बंगळूरहून निघणाऱ्या एका नियतकालिकातून बक्षिसांची शब्दकोडी चालविली जात आणि प्रवेशशुल्क मुंबई राज्यातील वाचकांकडूनही गोळा होई. चालकांचे म्हणणे, आमचा हा व्यापार आहे आणि व्यापाराचे स्वातंत्र्य घटनेने दिले आहे. न्यायालयाने ऋग्वेदापासून महाभारतापर्यंतचे दाखले देऊन निर्णय दिला, की जुगार हा व्यापारच नव्हे, त्यामुळे व्यापार-स्वातंत्र्याचे संरक्षण त्यास मिळू शकत नाही. मात्र ज्या स्पर्धेत कौशल्याचा भाग मोठा, ती वेगळी, असेही त्याच वेळी मानले गेले. १९६७ मध्ये रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ असल्याचे न्यायालयाने म्हटले. याच दोराला धरून पुढे रमीच्या आणि काल्पनिक क्रिकेट-संघांच्या कंपन्या उभ्या राहिल्या आणि त्यांतील एकीचे नाव भारतीय क्रिकेट संघाच्या पोशाखावरही झळकले.

शासनाने १ ऑक्टोबर २०२३ पासून लावलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के वस्तू व सेवा कर आकारला. तरीही खेळ थांबले नाहीत. अखेर ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचे प्रवर्तन व नियमन करणारा कायदा संमत केला आणि २२ ऑगस्ट रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली. या कायद्याने ई-क्रीडा व मनोरंजनाचे खेळ यांना उत्तेजन दिले आणि पैशांच्या खेळांवर, मग ते कौशल्याचे असोत वा नशिबाचे, बंदी घातली. असे खेळ चालविणाऱ्यास ३ वर्षांपर्यंत कारावास व १ कोटी रुपयांपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्यास २ वर्षांपर्यंत कारावास व ५० लाखांपर्यंत दंड अशी तरतूद आहे. अशा खेळांमुळे सुमारे ४५ कोटी लोकांना झळ पोहोचून २० हजार कोटी रुपयांहून अधिक नुकसान झाल्याचा अंदाज शासनाने त्या वेळी मांडला. मोठ्या कंपन्यांनी त्याच महिन्यात पैशांचे खेळ थांबविल्याचे जाहीर केले.

या कायद्याविरुद्धही बोलले जाते आणि ते ऐकून घेणे न्यायाचे आहे. हजारोंचा रोजगार गेला, कर बुडाला, आणि खेळणारा आता परदेशातील चोरट्या संकेतस्थळांकडे वळेल, असे आक्षेप आहेत. शेवटचा आक्षेप मला गंभीर वाटतो. बंगळूरचे नियतकालिक निदान याच देशातील होते. आजच्या चालकाचे दुकान कोणत्या बेटावर आहे, हेही कळत नाही. एक संकेतस्थळ बंद केले, तर दुसरे नव्या नावाने उघडते. म्हणजेच कायद्याचा हात जेथे पोहोचत नाही, तेथे घराचा हात पोहोचला पाहिजे. आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. या कायद्यात खेळणाऱ्याला शिक्षा नाही. तो पीडित मानला गेला आहे. त्याला सावरण्याची जबाबदारी मग कोणाची? ती आपली.

तरुण मित्रांना मी उपदेशाऐवजी हिशेब देतो. समजा, शंभर जणांनी प्रत्येकी ५० रुपये लावले. जमले ५,००० रुपये. चालकाने शेकडा १५ ठेवून घेतले आणि ४,२५० रुपये वाटले. कोणी जिंकले, कोणी हरले. वाटलेली सर्व रक्कम पुन्हा डावावर लागली आणि पुन्हा शेकडा १५ कापले गेले. अशा दहा फेऱ्या झाल्यावर शंभर जणांच्या हाती मिळून किती उरेल? सुमारे ९८४ रुपये. कोणी लबाडी केली नाही, सर्व नियमाप्रमाणे झाले, तरीही चार हजारांहून अधिक रक्कम चालकाच्या गल्ल्यात गेली. कौशल्य असलेला खेळाडू फार तर त्या ९८४ रुपयांतील मोठा वाटा उचलील. आमच्या धंद्यात ज्या मालावर प्रत्येक हातबदलात शेकडा १५ घट येते, तो माल कोणी शहाणा व्यापारी दुकानात ठेवीत नाही.

हा हिशेब कागदावर राहत नाही. मागे लग्नसराईत एक कुटुंब आमच्या दुकानी बस्ता बांधण्यास आले होते. शालू, पैठण्या, मानपानाच्या साड्या, आहेराची धोतरे असा सर्व माल निवडून झाला. वडिलांनी मुलाला मोबाइलवरून पैसे भरण्यास सांगितले. मुलगा बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिला आणि मग खाली बसला. बहिणीच्या लग्नासाठी त्याच्या खात्यात ठेवलेली रक्कम संपली होती. त्या बापाने मुलाला एक शब्दही उच्चारला नाही. तो निवडलेल्या साड्या एकेक करून परत घड्या घालू लागला. बस्ता आम्ही उधारीवर दिला, लग्नही पार पडले. परंतु जिंकणाऱ्याच्या आनंदाची जाहिरात सर्वत्र लागते, त्या घड्यांची कोठेच लागत नाही.

आता थोडे कटू बोलतो. 'आपल्या मुलांत हे नाही,' असे म्हणून आपण निश्चिंत होतो. रमी आपली मुले खेळत नसतीलही. परंतु शेअर बाजारातील फ्युचर्स-ऑप्शन्सचे व्यवहार मोबाइलवर करणारी मुले आपल्यापैकी किती घरांत आहेत? सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, मार्च २०२४ अखेरच्या तीन वर्षांत या व्यवहारांतील वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्के तोट्यात गेले आणि त्यांचा एकत्रित तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून अधिक होता. हे व्यवहार कायदेशीर आहेत, बाजाराला त्यांचा उपयोगही आहे, आणि कंपनीचे समभाग घेऊन वर्षानुवर्षे सांभाळणे ही तर मालाचीच खरेदी होय. परंतु दुपारी तीनपर्यंत आकडा वर जाईल की खाली, एवढ्यावरच पैसे लावणाऱ्याने स्वतःला विचारावे, की यात माल कोठे आहे? न्यूयॉर्कच्या आकड्यांवर पैज लावणारे लोकही स्वतःला कापसाच्या बाजारातलेच समजत होते.

आपल्या परंपरेत याविषयी संदिग्धता नाही. सप्तव्यसनांच्या गणनेत द्यूत पहिले आहे, कारण उरलेल्या व्यसनांचे दार तेच उघडते. नल-दवदंतीच्या कथेत राजा नल धाकट्या भावाशी, कूबराशी, फासे खेळून राज्य घालवितो आणि वनवास दवदंतीला भोगावा लागतो. खेळतो एक, हरते घर. श्रावकाच्या बारा व्रतांत अनर्थदंड-विरमण आहे. ज्यापासून कोणाचेच हित नाही असा व्यापार टाळावा, हा त्याचा अर्थ. आणि कलिकालसर्वज्ञ हेमचंद्राचार्यांनी योगशास्त्रात सद्गृहस्थाच्या पस्तीस गुणांची सुरुवातच न्यायसंपन्न वैभवापासून केली आहे. धन किती, याआधी ते कोठून आले, हे पाहिले जाते.

म्हणून या सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने संघापुढे चार विनंत्या ठेवतो.

पहिली, दिवाळीत चोपडा-पूजन करतो, त्या दिवशी घरातील सर्वांनी एकत्र बसून मोबाइलवरील खात्यांचाही वर्षाचा जमाखर्च पाहावा. वडिलांनी आपला प्रथम दाखवावा, मग मुलाचा मागावा.

दुसरी, जो अडकला असेल त्याला वाट मोकळी ठेवावी. लपविलेले कर्ज लाजेमुळे वाढते. ट्रस्टने दोन विश्वासू ज्येष्ठ नेमावेत, त्यांच्याकडे कोणीही जावे आणि तेथील शब्द तेथेच राहावा. ऑनलाइन फसवणूक झाली असल्यास १९३० या क्रमांकावर तत्काळ तक्रार करता येते. मन खचले असल्यास १४४१६ या शासकीय 'टेलि-मानस' सेवेवर विनामूल्य बोलता येते. हे दोन्ही क्रमांक उपाश्रयाच्या सूचनाफलकावर कायम असावेत.

तिसरी, तरुणांना काही काढून घेताना काही दिले पाहिजे. पाठशाळेला जोडून बुद्धिबळाचे वर्ग सुरू करावेत, आणि सुटीत मुलांना दुकानाच्या गादीवर बसवून रोजमेळ लिहावयास शिकवावे. दिवसभर गिऱ्हाइकाशी बोलून दोनशे रुपये नफा कसा होतो, हे ज्याने अनुभवले, त्याला एका रात्रीत वीस हजार देऊ करणाऱ्याची शंका आपोआप येते.

चौथी विनंती विश्वस्तांना आहे आणि ती नम्रपणे करतो. चढाव्याची बोली उंच जाते तेव्हा आपण सर्व हर्षाने जयघोष करतो. त्या वेळी रकमेइतकाच तिच्या उगमाचा विचार व्हावा. आकड्यांच्या खेळातून आलेल्या मोठ्या बोलीपेक्षा कष्टाच्या लहान बोलीला आपण अधिक मान दिला, तर पुढच्या रांगेत बसलेली मुले ते पाहतील, आणि माझ्या या भाषणापेक्षा त्यांना त्यातून अधिक कळेल.

यंत्रे बदलत राहतील. तार गेली, टेलिफोन आला, मोबाइल आला, उद्या आणखी काही येईल. प्रत्येक नव्या यंत्रासोबत झटपट धनाचे नवे आमिषही येईल आणि ते नेहमी व्यापाराची वस्त्रे नेसूनच येईल. अशा वेळी घरातील एका तरी माणसाने हात लावून विचारावे, 'माल कोठे आहे?' उत्तर मिळाले, तर अवश्य धंदा करावा. उत्तर मिळाले नाही, तर दुकान बंद करून घरी यावे.

 जिनाज्ञेविरुद्ध काही बोलले गेले असल्यास त्रिविधे मिच्छामि दुक्कडम्.

जय जिनेंद्र!