मानोआहची पत्नी आणि आपले घर

(आपल्या प्रार्थनामंदिराच्या सभागृहात, नासो पराशाच्या शब्बाथानंतरच्या रविवारी झालेल्या व्याख्यानाचे ध्वनिमुद्रणावरून केलेले शब्दांकन. वक्त्या अमेरिकेत प्रसूती विभागात व पुढे गर्भवती स्त्रियांच्या निवासी व्यसनोपचार केंद्रात परिचारिका होत्या.)

 

काल सकाळी आपण शास्त्यांच्या पुस्तकातील तेराव्या अध्यायाची हफ्तारा ऐकली. मानोआहच्या पत्नीला मूल नव्हते. देवदूत तिच्यापुढे प्रकट झाला, तुला पुत्र होईल असे त्याने सांगितले, आणि लगेच बजावले की द्राक्षारस किंवा मद्य घेऊ नकोस. पुढे शिमशोन जन्मला. मातेने घेतलेले मद्य गर्भापर्यंत पोहोचते, हे आपल्या पूर्वजांच्या कानावर इतक्या जुन्या काळी पडले होते. आधुनिक वैद्यकात सिएटलच्या डॉक्टरांनी त्या विकाराला नाव दिले ते १९७३ साली.

या कथेतील एका शब्दाकडे मी आपले लक्ष वेधू इच्छिते. मानोआह देवदूताला विचारतो, मुलासाठी आम्ही काय करावे? उत्तर मिळते, मी स्त्रीला जे सांगितले ते सर्व पाळले जावे. येथील हिब्रू क्रियापदाचे रूप असे आहे की त्याचा अर्थ ‘तिने पाळावे’ असा होतो, आणि ‘तू पाळ’ असाही होतो. व्याकरणाने दोन्ही अर्थ शक्य आहेत. मला दोन्ही हवे आहेत, कारण माझ्या कामात मी हेच पाहिले की गर्भवती स्त्रीचे पथ्य तिच्या एकटीने निभत नाही. घराने ते पाळावे लागते.

देवदूताचे शब्द गर्भधारणेच्या आधी आले. ज्या स्त्रीला व्यसन आधीच जडले आहे आणि मग दिवस राहिले आहेत, तिला आपण काय सांगणार? आजचा विषय हा आहे.

आपल्यापैकी काहींना वाटेल की हा विषय आपला नव्हे. आपल्या घरांत किद्दुशसुद्धा भिजवलेल्या मनुकांच्या शरबतावर होत आला. परंतु राबाय अब्राहम ट्वेर्स्की हे स्वतः मानसोपचारतज्ज्ञ होते. १९७२ साली पेनसिल्व्हेनियात त्यांनी व्यसनोपचाराचे केंद्र उभारले आणि यहुदी घरांत व्यसन नसते हा समज खोटा आहे, हे ते आयुष्यभर सांगत राहिले. शिवाय आज व्यसनाची सुरुवात दारूच्या गुत्त्यातच होते असे नाही. शस्त्रक्रियेनंतर लिहून दिलेल्या वेदनाशामक गोळ्यांपासूनही ती होते.

माझ्या केंद्रात आलेल्या एका स्त्रीची गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. दुसऱ्या बाळंतपणात पोट उघडावे लागले, त्यानंतर गोळ्या सुरू झाल्या, आणि त्या संपल्यावर बाहेरून मिळवणे सुरू झाले. तिसऱ्या वेळी दिवस राहिले, तरी सातव्या महिन्यापर्यंत ती एकदाही डॉक्टरकडे गेली नाही. कारण एकच होते. आपली मुले काढून घेतील, ही भीती. घरी नवऱ्यालाही तेच व्यसन होते. सासूने तिला बजावले होते, ‘मनाचा निश्चय कर आणि आजच्या आज सोड.’

हा सल्ला मायेने दिलेला असला तरी धोक्याचा आहे. अफूवर्गातील पदार्थांची सवय झालेल्या शरीराला ते एकाएकी मिळेनासे झाले, की स्त्रीला असह्य त्रास होतो आणि बहुधा ती पुन्हा तेच घेते. मधल्या काळात शरीराची सहनशक्ती उतरलेली असते, म्हणून पूर्वीचीच मात्रा प्राणघातक ठरू शकते. दारूची सवय असेल तर ती वैद्यकीय देखरेखीशिवाय एकदम तोडण्यातही जिवाला धोका आहे. म्हणून अमेरिकेतील प्रसूतितज्ज्ञांची संघटना अफूवर्गीय व्यसनात औषधोपचाराची शिफारस करते. ही औषधे म्हणजे मेथाडोन आणि बुप्रेनॉर्फिन. २०१० साली या दोहोंची तुलना करणारा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात १७५ गर्भवती स्त्रिया होत्या. बुप्रेनॉर्फिन घेणाऱ्या मातांच्या बाळांना रुग्णालयात सरासरी १० दिवस राहावे लागले, मेथाडोनच्या बाबतीत १७.५ दिवस. मात्र बुप्रेनॉर्फिन घेणाऱ्यांपैकी ३३ टक्के स्त्रियांनी उपचार मध्येच सोडला, मेथाडोन घेणाऱ्यांपैकी १८ टक्क्यांनी. तेव्हा कोणते औषध कोणाला लागू पडेल, हे डॉक्टरांनी स्त्री पाहून ठरवायचे असते.

‘एक व्यसन सोडून दुसरे लावले,’ असे लोक म्हणतात. त्यांना मी मिश्नातील योमा भागाची आठवण करून देते. योम किप्पूरच्या दिवशी अन्नाचा वास येऊन गर्भवती स्त्रीचा जीव कासावीस झाला, तर तिचा जीव शांत होईपर्यंत तिला खाऊ घालावे, असे तेथे सांगितले आहे. वर्षातील सर्वांत कडक उपासाच्या दिवशीही आपल्या आचार्यांनी तिच्या निश्चयाची परीक्षा घेतली नाही. त्यांनी तिच्या जिवाचा विचार केला.

आता निवासी केंद्राविषयी. आपल्याकडे मुलगी बाळंतपणाला माहेरी जाते. ज्या स्त्रीचे घरच व्यसनाने वेढलेले आहे, तिच्यासाठी हे केंद्र काही महिन्यांचे माहेर असते. खोलीत तिचा पलंग आणि शेजारी बाळाचा पाळणा. मोठी मुलेही बरोबर राहू शकतात, आणि सर्वांत मोलाची गोष्ट हीच. सर्वसाधारण व्यसनोपचार केंद्रांत बहुधा मुलांना प्रवेश नसतो, त्यामुळे मुले कोणाच्या हवाली करू या प्रश्नापाशीच अनेक माता परत फिरतात. येथे सकाळी औषध, मग समुपदेशन. त्या वेळी मुले पाळणाघरात असतात. प्रसूतिपूर्व तपासणीला केंद्राची गाडी नेते. स्वयंपाक, मुलांना झोपवणे, रडणाऱ्या बाळापाशी स्वतःचा राग आवरणे, हेही तेथे शिकवले जाते. निघण्यापूर्वी घर कोठे, नोकरी कोठे, औषध कोठून, याची आखणी होते.

गर्भवती स्त्री आणि बाळंतीण यांच्या निवासी उपचारासाठी केंद्र सरकारची वेगळी अनुदान योजना आहे. व्यसनोपचाराचे सरकारी अनुदान घेणाऱ्या संस्थांनी गर्भवती स्त्रीला अग्रक्रम द्यावा, आणि जागा नसेल तर ४८ तासांच्या आत तात्पुरती सेवा मिळावी, असा नियम आहे. तो पुष्कळांना ठाऊकच नसतो, म्हणून मुद्दाम सांगते.

त्या स्त्रीचे बाळ जन्मले तेव्हा थरथरत होते आणि सारखे रडत होते. पूर्वी अशा बाळांच्या लक्षणांना गुण देत आणि आकडा वाढला की औषध सुरू करीत. आता अनेक रुग्णालये तीनच गोष्टी पाहतात. बाळ नीट दूध घेते का, झोपते का, आणि जवळ घेतल्यावर शांत होते का. २०२३ साली २६ रुग्णालयांतील १,३०५ बाळांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. जुन्या पद्धतीत ५२ टक्के बाळांना औषध द्यावे लागले होते, नव्या पद्धतीत १९.५ टक्के. बाळ घरी जाण्याजोगे होण्यास लागणारा वेळ १४.९ दिवसांवरून ८.२ दिवसांवर आला. मंद उजेड, शांत खोली आणि आईची कूस हाच तेथे पहिला उपचार. तो करायला आई जवळ असावी लागते.

याच्या उलट मार्गही या देशाने चोखाळून पाहिला. दक्षिण कॅरोलायनातील चार्ल्स्टन येथे सरकारी रुग्णालयात गर्भवतींची लघवी त्यांच्या संमतीविना तपासून निष्कर्ष पोलिसांना दिले जात. २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने ते घटनाविरोधी ठरवले. टेनेसी राज्याने २०१४ साली अशा मातांवर खटले भरण्याचा कायदा केला. २०१६ साली त्याची मुदत संपली आणि त्याचे नूतनीकरण झाले नाही. बेडीची भीती असलेली स्त्री दवाखान्याची पायरी चढत नाही. अशा वेळी बाळाला कोणाचाच आधार उरत नाही.

आपल्या घराण्यांत बाळंतिणीला मुलगा झाला तर ४० आणि मुलगी झाली तर ८० दिवस जपण्याची चाल आहे. ती चांगलीच आहे. परंतु मॅसॅच्युसेट्स राज्यातील एका अभ्यासात असे दिसले की अतिमात्रेचे प्रसंग गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत सर्वांत कमी असतात आणि प्रसूतीनंतर सातव्या ते बाराव्या महिन्यांत सर्वांत अधिक. पाहुणे येऊन गेलेले असतात, बारसे झालेले असते, सर्वांना वाटते की आता ती बरी आहे. नेमके तेव्हा तिला माणूस हवे असते.

म्हणून माझी विनंती साधी आहे. अशी मुलगी आपल्या मंडळीत परत आली तर कोठे होतीस, असे विचारू नका. वर्षभर आठवड्यातून एकदा तिच्या घरी डबा पोहोचवा. तिच्या मुलांना दोन तास सांभाळा. तिचे औषध बंद करण्याचा सल्ला देऊ नका. तिच्या घरी शब्बाथाच्या मेजावर मद्य असणार असेल तर त्याऐवजी आपले मनुकांचे शरबत न्या. घरात नॅलोक्सोनचा फवारा ठेवा, तो २०२३ पासून चिठ्ठीविना मिळण्यास मान्यता आहे. आणि १-८००-६६२-४३५७ हा सरकारी मदतक्रमांक लिहून ठेवा. तो विनामूल्य आहे आणि रात्रंदिवस चालू असतो.

रोश हशानाच्या पहिल्या दिवशी आपण हन्नाची कथा वाचतो. ती ओठ हलवून मूकपणे प्रार्थना करीत होती आणि एली याजकाला वाटले की ती प्यालेली आहे. त्याने तिला दटावले. तिचे म्हणणे ऐकल्यावर मात्र त्याने आपले शब्द मागे घेतले आणि शांतीने जा असा आशीर्वाद दिला. मला एवढेच वाटते की आपल्या दारी येणारी स्त्री खरोखरच प्यालेली असली, तरीही तिचे म्हणणे आधी ऐकले जावे आणि तो आशीर्वाद तिलाही मिळावा.

इस्राएलाचा देव आपल्या लेकीसुनांचे आणि त्यांच्या उदरातील बाळांचे रक्षण करो. आमेन.