ऐकू येतं, पण कळत नाही

पिंपरी-चिंचवडच्या माणसाला आवाजाची ओळख करून द्यावी लागत नाही. भोसरीच्या गल्ल्यांतून डोळे मिटून चाललं, तरी कुठल्या शेडमध्ये काय चाललंय ते सांगता येतं. पॉवर प्रेसचा ठोका जमिनीतून तळपायाला लागतो, ग्राइंडरचा आवाज दातांत शिरतो, लेथ मात्र बिचारं आपल्याशीच गुणगुणत असतं. मोशी ओलांडून चाकणच्या वाटेला लागलं की कंटेनरच्या रांगा आणि त्यांचे हॉर्न. अशा या पट्ट्यात सात-आठ माणसं सुटीच्या दिवशी एका फ्लॅटमध्ये जमतात आणि कानाला हेडफोन लावून संध्याकाळपर्यंत बसतात असं सांगितलं, तर श्रोतेहो, तुम्ही म्हणाल, कानांना विश्रांती हवी असेल. तसं नाही. ही मंडळी हेडफोनांची तुलना करायला जमतात. त्यातल्या एखाद्या हेडफोनच्या किमतीत चांगली मोटारसायकल येते.

बैठक भरते निगडीला, माझ्या पुतण्याकडे, आणि तीही गुरुवारी. आमच्याकडे कारखान्यांचा रविवार गुरुवारी येतो. पुतण्या चाकणच्या एका वाहन कंपनीत इंजिनिअर आहे. त्याच्या विभागाला ‘एनव्हीएच’ म्हणतात. गाडीतला नको असलेला आवाज, थरथर आणि कर्कशपणा शोधून काढायचा, हे त्याचं काम. दोन्ही कानांत मायक्रोफोन बसवलेलं एक कृत्रिम डोकं सीटवर ठेवतात, गाडी पळवतात आणि नंतर ते ध्वनिमुद्रण हेडफोनवर ऐकत बसतात. दार लावल्यावर ‘खण्ण’ वाजलं तर गिऱ्हाईक नाराज होतं, ‘धप्प’ वाजलं तर त्याला गाडी भक्कम वाटते. त्या ‘धप्प’साठी शिकलेली माणसं महिनोन्‌महिने खपतात.

त्याचे वडील म्हणजे माझे थोरले भाऊ, आमचे भाईजान. भोसरीच्या एका प्रेस शॉपमध्ये त्यांनी एकतीस वर्षं काढली. ते म्हणतात, “मी आवाज करून पोट भरलं, पोरगा आवाज दाबून भरतो.”

हेडफोन हे मुळात कामाचंच हत्यार. टेलिफोनच्या एक्स्चेंजमध्ये आणि जहाजावरच्या बिनतारी संदेशाच्या खोलीत त्याचा जन्म गेला. अमेरिकेत युटामधल्या नॅथॅनिएल बाल्डविन यांनी १९१०च्या सुमारास आपल्या स्वयंपाकघरात हेडफोन तयार करून नौदलाला दिले. गाणं ऐकण्यासाठी स्टिरिओ हेडफोन आला तो १९५८ साली, मिलवॉकीच्या जॉन कॉस यांच्याकडून. १९६८ मध्ये जर्मनीच्या सेनहायझरनं पाठीमागून उघडा असलेला एचडी ४१४ काढला. पिवळ्या स्पंजच्या गाद्यांचा तो हेडफोन अजून जुन्या लोकांच्या लक्षात आहे. १९७९ला वॉकमन आला आणि हेडफोन रस्त्यावर उतरला. आसपासचा आवाज खोडून काढणाऱ्या हेडफोनची कल्पना एका बंगाली बापाच्या मुलाच्याही डोक्यात आली. अमर बोस यांना ती १९७८ मध्ये झुरिकहून परतताना विमानात सुचली.

निगडीच्या टेबलावर आता तीन जातींचे हेडफोन असतात. पहिली जात डायनॅमिक, म्हणजे कानाएवढा लाउडस्पीकरच. पातळ पडदा, त्याला चिकटलेली तारेची गुंडाळी आणि चुंबक. सेनहायझरचा १९९७चा एचडी ६०० आणि २००९चा एचडी ८०० हे दोघे याच घराण्यातले. दुसरी जात प्लेनार. तिच्यात गुंडाळी नसते. तार साऱ्या पडद्यावर पसरलेली असते आणि चुंबकांच्या मध्ये पडदा सगळा एकदम हलतो. तिसरी इलेक्ट्रोस्टॅटिक. केसाहूनही बारीक पडदा, दोन बाजूंना भोकं पाडलेल्या पट्ट्या आणि विजेचा दाब. जपानच्या स्टॅक्स कंपनीच्या हेडफोनना ५८० व्होल्ट लागतात. भाईजाननी हा आकडा ऐकून तो हेडफोन दोन बोटांनी उचलून परत ठेवला होता.

तुलना करणं वाटतं तितकं सोपं नाही. कानाची एक खोड आहे. एकच गाणं दोनदा वाजवलं आणि दुसऱ्यांदा आवाज जेमतेम एक डेसिबलनं वाढवला, तर ऐकणाऱ्याला तो मोठा वाटत नाही, चांगला वाटतो. “आता कसं मोकळं वाटलं,” असं तो म्हणतो. दुकानदारांना ही खोड फार पूर्वीपासून ठाऊक आहे. म्हणून पुतण्यानं फळीला भोक पाडून त्यात मापकाचा मायक्रोफोन बसवलाय. प्रत्येक हेडफोन त्यावर दाबून आधी सर्वांचा आवाज एका पातळीवर आणतो, मगच गाणं. आता डोळ्यांवर पट्टी बांधून ऐकायला लावलं तरी प्रश्न सुटत नाही, कारण डोक्यावर वजन पडताच जाणकाराला कळतं की हा कुठला. पातळी सारखी केली की पुष्कळ वाद तिथंच मिटतात. ज्याला आधी जमीन-अस्मानाचा फरक वाटत होता, तो खाली बघून चहा प्यायला लागतो. २०१७ साली येरून ब्रेबार्ट यांनी २८३ हेडफोनांची मापं तपासली होती. किंमत आणि हेडफोनची प्रतिसादरेषा यांचा काही संबंध त्यांना आढळला नाही. प्रतिसादरेषा म्हणजे खालच्या-वरच्या कुठल्या स्वराला हेडफोन किती जोर देतो, त्याचा आलेख. बैठकीत हा आकडा काढला की सर्वांत महागाचा हेडफोन घेतलेला सभासद उठून गॅलरीत जातो.

मला विचाराल तर तिथल्या चर्चेत कवींपेक्षा जास्त विशेषणं वापरतात. एक हेडफोन ‘रेशमी’, दुसरा ‘काळोखी’, तिसऱ्यात ‘हवा’ आहे. पण एक गोष्ट खरी. चांगल्या उघड्या हेडफोनवर जुनं ध्वनिमुद्रण ऐकलं की पेटीच्या भात्याची फुसफुस ऐकू येते, आणि गायकानं शब्दाआधी घेतलेला श्वासही. आयुष्यभर मुशायरे आणि कविसंमेलनांत शिट्ट्या मारणाऱ्या माइकसमोर उभं राहिलेल्या माणसाला हे सुख मोठं आहे. माझं मत जुन्या एचडी ६००ला. त्यात शब्द पुढे येतो, बाकीचे मागे बसतात.

एका गुरुवारी भाईजानही येऊन बसले. पुतण्यानं त्यांच्या डोक्यावर हाच हेडफोन ठेवला आणि श्रीकांत ठाकरे यांनी रफीसाहेबांकडून गाऊन घेतलेल्या मराठी गाण्यांपैकी एक लावलं. भाईजान खुलले. मान डोलवत होते, ओठ हलत होते, एकही शब्द चुकत नव्हता. मंडळी म्हणाली, काकांचे कान शाबूत आहेत. मग कुणीतरी माझी कविता लावायला सांगितली. मीच वाचलेली, ध्वनिमुद्रित केलेली. भाईजाननी ती घरी माझ्या तोंडून कितीतरी वेळा ऐकलेली आणि दर वेळी दाद दिलेली. या वेळीही ‘क्या बात है’ आलं. पुतण्यानं सहज विचारलं, “अब्बा, कशावर आहे कविता?”

“माउलीवर,” भाईजान म्हणाले.

कविता सावलीवर आहे. सुटी झाल्यावर गेटबाहेर पडणाऱ्या लांब सावल्यांवर. ‘सावली’तला ‘स’ त्यांच्यापर्यंत कधी पोचलाच नव्हता. आळंदी हाकेच्या अंतरावर असलेल्या गावात राहिलेला माणूस. दर आषाढीला पालखीच्या वाटेवर पाण्याची घागर घेऊन उभा राहिलेला. राहिलेल्या अर्ध्या शब्दाला त्यांच्या मनानं जवळचं नाव जोडलं. रफीसाहेबांचं गाणं पाठ होतं, म्हणून तिथं काही अडलं नाही. पाठ असलेलं गाणं कान ऐकत नाही, आठवण ऐकते.

ही भाईजानच्या एकट्याची गोष्ट नाही, म्हणून थोडं सविस्तर सांगतो. आपल्या आतल्या कानात शंखासारखी एक नळी असते आणि तिच्यात सुमारे १५ ते १६ हजार केशपेशी असतात. आवाज त्यांना हलवतो आणि त्या मेंदूला कळवतात. माणसात या पेशी मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. वर्षानुवर्षं मोठ्या आवाजात राहिलेल्या माणसाचं नुकसान बहुधा ४००० हर्ट्झच्या आसपास सुरू होतं. आता आपली भाषा बघा. आ, ई, ऊ हे स्वर खालच्या पट्टीत असतात आणि बोलण्याला जोर देतात. स, श, फ, ख ही व्यंजनं वरच्या पट्टीतली, बारीक. पण अर्थ त्यांच्यावर उभा असतो. म्हणून अशा माणसाची तक्रार ठरलेली असते, “ऐकू येतं, पण कळत नाही.” घरचे मग ओरडून बोलतात. ओरडण्यानं स्वर मोठे होतात, ‘स’ होता तिथंच राहतो. वर घरात म्हणतात, म्हाताऱ्याला हवं तेवढंच ऐकू येतं.

ध्वनीमुळे येणारा बहिरेपणा १९४८च्या कारखाने कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात कळवण्याजोगा रोग म्हणून नोंदलेला होता. आठ तासांसाठी ९० डेसिबल ही मर्यादा आपल्याकडे धरली जाई. भाईजानच्या शेडमध्ये सुरुवातीची बरीच वर्षं कानात कापसाचे बोळे असायचे, आणि कापूस आवाज फारसा अडवत नाही. पुढं फोमच्या नारिंगी गोळ्या आल्या. त्याही ते काढून ठेवायचे. त्यात हलगर्जी नव्हती. डाय बिघडायला लागली की ठोक्याचा नाद आधी बदलतो, आणि तो ज्याला कळतो त्याचं बोट वाचतं. कान वाचवावा की बोट, हा प्रश्न त्यांना रोज सोडवावा लागत होता. त्यासाठी कुणी भरपाईचा कागद पुढे केला नाही. मागावा असं त्यांनाही वाटलं नाही, कारण शेडमधले सगळेच तसे झाले होते.

त्या दिवशी पुतण्यानं एकूण आवाज कमी केला आणि ३००० ते ६००० हर्ट्झचा पट्टा तेवढा उचलला. कविता पुन्हा लावली. भाईजान मधेच थांबले. म्हणाले, “सावली होय? मला वाटलं, माउलीवर लिहिलंयस. तेच बरं होतं.” सगळे हसले. पुतण्या हसला नाही. त्यानं पुढच्याच आठवड्यात त्यांना कानाच्या तपासणीला नेलं. तो आलेख मी पाहिलाय. डावीकडून बरा चालत येतो आणि ४०००च्या जवळ विहिरीत पडावा तसा खाली जातो.

डॉक्टरांनी सांगितलं, हेडफोन हा यावर उपाय नाही. नुसता आवाज चढवला तर उरलेल्या पेशीही जातील. ८५ डेसिबल आठ तास, आणि त्यापुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा, असा अमेरिकेतल्या निऑश या संस्थेचा कामगारांसाठी हिशेब आहे. ८८ला चार तास, ९४ला एक, १००ला पंधरा मिनिटं. पुतण्यानं मापक पुढच्या बैठकीत सभासदांच्या नेहमीच्या आवाजावर धरला, तर एक जण ९४वर तीन-तीन तास ऐकणारा निघाला. गॅलरीत जाणारा तोच.

हेडफोन आणि श्रवणयंत्र ही दोन घरं आता एकमेकांच्या दारात आली आहेत. सेनहायझरचा घरगुती हेडफोनांचा व्यवसाय २०२२ मध्ये सोनोव्हा या स्विस कंपनीकडे गेला, आणि सोनोव्हाचा मुख्य धंदा श्रवणयंत्रांचा. २०२४ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनानं अॅपलच्या एका इअरफोनमधल्या सॉफ्टवेअरला सौम्य ते मध्यम बहिरेपणासाठी श्रवणयंत्र म्हणून वापरायला मान्यता दिली. निगडीच्या बैठकीत यावर दोन गुरुवार वाद चालला.

भाईजाननी मात्र साधं यंत्र घेतलं, कानामागं बसणारं. पहिल्या दिवशी त्यांनी घरभर फिरून चौकशी केली, हा कसला आवाज, तो कसला. चपलेचा, वर्तमानपत्राच्या घडीचा, फ्रिजचा. एवढ्या आवाजात तुम्ही राहता कसे, असं त्यांनी सुनेला विचारलं. मेंदूला सवय व्हायला काही आठवडे लागतात, असं त्यांना सांगण्यात आलं आहे. बाजारात जाताना ते यंत्र काढून खिशात ठेवतात, गुरुवारी मात्र न चुकता लावतात. मी कविता वाचली की आता लगेच दाद देत नाहीत, एक-दोन शब्द परत विचारतात. आणि माझा आवाज पूर्वी यापेक्षा बरा होता, असं त्यांचं म्हणणं आहे.