पोथी कुठवर आली?

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



‘सध्या आपण काय वाचीत आहोत’ या विषयावर चार शब्द बोलावेत, अशी आज्ञा मंडळाच्या चिटणिसांनी आम्हांस केली. आमचे शिक्षण जुन्या अकरावीच्या मॅट्रिकपर्यंत. पुढे प्राथमिक शिक्षक म्हणून खडू हाती धरला, तो निवृत्तीच्या दिवशीच खाली ठेवला. तेव्हा विद्वत्तेची अपेक्षा आपण आमच्याकडून करणार नाही, या भरवशावर आम्ही उभे आहोत.

विषय नवा वाटला, तरी प्रश्न जुनाच आहे. आमच्या लहानपणी तळीये गावी चातुर्मासात रात्री पोथी लागत असे. कधी हरिविजय, कधी पांडवप्रताप. कंदिलाच्या उजेडात एकजण ओवी वाची, दुसरा तिचा अर्थ सांगे, आणि दिवसभर लावणीच्या चिखलात राबलेली माणसे घोंगडी पांघरून ऐकत बसत. ज्यास एखादे रात्री येणे जमले नाही, तो सकाळी बांधावर भेटेल त्यास पहिला प्रश्न विचारी, “काय रे, पोथी कुठवर आली?” मग औत क्षणभर थांबे आणि कृष्ण मथुरेस पोहोचल्याची वार्ता त्यास कळे. त्यांतील बहुतेकांस अक्षरओळख नव्हती. तथापि गावात काय वाचले जात आहे, हे प्रत्येकास ठाऊक होते. आज आपणां सर्वांस वाचता येते. परंतु शेजारच्या घरात कोणते पुस्तक उघडले आहे, हे कोणासही ठाऊक नसते.

आपले चाकरमानी मुंबईस गेले, तेव्हा ही रीत त्यांनी बरोबर नेली. गिरणगावातील गावकीच्या खोलीत पाळीवरून परतलेले दहाजण भोवती बसत आणि एकजण वर्तमानपत्र मोठ्याने वाची. बाबूराव अर्नाळकरांची रहस्यकथा भाड्याच्या वाचनालयातून खोलीत आली, की ती परत जाण्यापूर्वी चार हातांतून फिरे. भाडे एकाचे, वाचक चार!

ग्रंथ आणि सांगणे यांचे नाते असे जवळचे आहे. आपल्या महाड तालुक्यातील शिवथरघळीत समर्थांनी दासबोध सांगितला आणि कल्याणस्वामींनी तो लिहून घेतला, असे परंपरा मानते. पालगडच्या साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिली, तिच्यात प्रकरणे नाहीत, रात्री आहेत. श्याम रोज रात्री आपल्या सोबत्यांस आईची आठवण सांगतो, अशा त्या बेचाळीस रात्री. पुस्तक हे सांगण्यासाठी असते, कुलपात ठेवण्यासाठी नव्हे.

हे आम्ही आज सांगतो. परंतु आमच्या हातून नेमके उलटे घडले, ते आपणांपासून लपवून ठेवणे बरे नव्हे. १९८७ पासून खडू-फळा मोहीम सुरू झाली. तिच्यामुळे आम्ही ज्या शाळेवर होतो तेथे गोष्टींच्या पुस्तकांचा एक सुंदर संच आला. आम्ही त्याची जडसंग्रहाच्या नोंदवहीत नोंद केली, पुस्तके कपाटात रचली आणि किल्ली खिशात घातली. पुस्तक हरवले तर पगारातून भरावे लागेल, ही धास्ती. चौथीतील एक मुलगा दर शनिवारी विचारी, “गुरुजी, त्या पुस्तकांत काय हाय?” आम्ही म्हणत असू, “परीक्षा होऊ दे, मग देऊ.” परीक्षा झाली, मुलाने शाळा सोडली आणि मामाबरोबर तो मुंबईस हॉटेलात कामाला गेला. पुढे एका पावसाळ्यानंतर कपाट उघडले, तो आत वाळवी. आमच्या हिशेबात एकही पुस्तक हरवले नव्हते. आणि एकही वाचले गेले नव्हते.

२२ जुलै २०२१ हा दिवस आपणांपैकी कोणीही विसरलेला नाही. अतिवृष्टीत डोंगर खाली आला आणि आमच्या तळीयेची कोंढाळकरवाडी त्याखाली गेली. ऐंशीहून अधिक माणसे गेली. माणसांपुढे वस्तूंचा हिशेब कोण करणार? तरीही एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. पुढे कंटेनरच्या तात्पुरत्या घरांत लोक राहत असता, एक वृद्ध भगिनी नातीस पांडवांच्या वनवासाची कथा सांगत होती. आम्ही पोथीची चौकशी केली. ती म्हणाली, “पोथी मातीत गेली, गुरुजी. पण सासऱ्यांनी वाचलेलं कानात हाय.” त्या क्षणी आम्हांस आमचे कपाट आठवले. तिची पोथी गेली, तरी उरली. आमची पुस्तके शेवटपर्यंत जागेवर होती, पण ती कोणाच्याच कानात नव्हती.

आणखी एक गोष्ट ज्ञातीच्या व्यासपीठावरून बोलतो, तिचा राग मानू नये. आपण फक्त आपल्या लोकांचेच वाचले, तर अर्धेच जग दिसते. ज्या महाडात २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, त्याच तालुक्याचे आपण रहिवासी. तरीदेखील गावाच्या वेशीबाहेरचे आयुष्य आम्हांस उमगले, ते दया पवार यांचे १९७८ साली प्रसिद्ध झालेले ‘बलुतं’ वाचल्यावर, तेही फार उशिरा. कोणी आधी “हे वाचा” म्हणाले असते, तर आमच्या वर्गात मुले बसविण्याची रीतही कदाचित निराळी झाली असती.

उपाय दूर नाही. पोलादपूरहून आंबेनळी घाट चढून महाबळेश्वर ओलांडले, की पाचगणीच्या वाटेवर भिलार लागते. स्ट्रॉबेरीचे हे गाव ४ मे २०१७ रोजी ‘पुस्तकांचे गाव’ झाले. वेल्समधील हे-ऑन-वाय या गावावरून ही कल्पना सुचली. आरंभी पंचवीस ठिकाणी मिळून सुमारे पंधरा हजार पुस्तके ठेविली गेली. कोणाच्या घरी कादंबऱ्या, कोणाच्या घरी इतिहास, कोणाच्या घरी बालसाहित्य. वाटसरूने यावे, ओसरीवर बसावे आणि मोफत वाचावे. तेथे पुस्तक कपाटातून निघून माणसांत येऊन बसले आहे.

आपणांस एवढा मोठा खटाटोप नको. मंडळाच्या प्रत्येक सभेत अहवालवाचनानंतर दहा मिनिटे राखून ठेवावीत. तीन-चारजणांनी उठून पुस्तकाचे नाव, ते कुठवर वाचले आणि त्यातले काय मनाला लागले, एवढेच सांगावे. गणपतीस आणि शिमग्यास गावी येणाऱ्यांनी वाचलेले एक पुस्तक आणावे, गावातले एक न्यावे. जे तरुण मोबाइलवर पुस्तक ऐकतात, त्यांसही आम्ही वाचकच मानतो. पोथीसुद्धा बहुतेकांनी ऐकलीच होती. आणि ज्यास वाचायला वेळ मिळाला नाही, त्याने तसे निःसंकोच सांगावे. त्यास कोणी हसू नये. त्याच्या हाती एक पुस्तक ठेवावे.

आता आरंभ आम्हीच केला पाहिजे. आम्ही सध्या व्यंकटेश माडगूळकरांची १९५५ सालची ‘बनगरवाडी’ तिसऱ्यांदा वाचीत आहोत. धनगरांच्या वाडीवर आलेल्या एका तरुण मास्तरची ही कथा. पोथी दुष्काळापर्यंत आली आहे. वाडी ओस पडू लागली आहे आणि तेथून पुढे आम्हांस भराभर वाचवत नाही. रोज दोनच पाने होतात. कारण आमच्या श्रोत्यांस सांगावयास नको.

आता आपण सांगा, आपली पोथी कुठवर आली?